सायकलला मोटर बसवल्यावर आवाज किती येतो: चढावरचा, पहाटेचा आणि पावसाळ्यानंतरचा

प्रश्न थोडक्यात असा. आसूदला राहणारे एक गृहस्थ दापोलीत बेकरीत कामाला आहेत. पहाटे साडेचारला निघतात, जाताना चढच चढ. साधी गिअरची सायकल आहे, तिला मोटरचं किट बसवायचंय. वाडीत घरं जवळजवळ, मधे फक्त गडगा, आणि शेजारच्या घरात आजारी माणूस. घरच्यांचं म्हणणं, मिक्सर लावल्यासारखा आवाज काढत जाणार असाल तर ते किट नकोच. त्यांना विचारायचंय ते एवढंच: रोजच्या वापरात आवाज खरंच किती, मोटर चाकातली घ्यावी की पेडलजवळची, आणि आपल्या खाऱ्या हवेत आणि पावसात तो आवाज वाढत जातो का.

मिक्सरची भीती आधी डोक्यातून काढा. स्वयंपाकघरातला मिक्सर सहज ८० डेसिबलच्या पुढे जातो. किटच्या माहितीपत्रकांत मोटरचा आवाज बहुधा ५५ डेसिबलच्या आत असल्याचं छापलेलं असतं. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे या दोघांची बरोबरीच होत नाही. मात्र त्या ५५ वरही फार विसंबू नका. तो किती अंतरावरून मोजला, मोटरवर ओझं होतं की ती नुसतीच फिरत होती, हे कोणी लिहीत नाही. नुसती फिरणारी मोटर आणि तुम्हाला घेऊन चढ चढणारी मोटर यांच्या आवाजात बराच फरक असतो.

अंदाजाला एक हिशोब बरा पडतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ५५ असेल तर दोनवर ४९, चारवर ४३. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती परिसरातल्या सरासरी आवाजाची आहे, जाणाऱ्या एका सायकलीला लावायची नाही, पण तुमच्या मनाला आधार म्हणून ठीक. फक्त हा हिशोब मोकळ्या जागेचा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असलेल्या अरुंद पाखाडीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो. मोठ्या रस्त्यावर जी मोटर ऐकूच येत नव्हती ती तिथे गुणगुणताना स्पष्ट ऐकू येते. म्हणून किट बघायला जाल तेव्हा दुकानासमोरच्या हमरस्त्यावर ऐकून निर्णय घेऊ नका.

आता मोटरींचे प्रकार. बाजारात सायकलला लावायला मुख्य चार तऱ्हा मिळतात आणि चौघींचे आवाज वेगवेगळे आहेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे बाजूला पट्टीवर बसवायची, स्वतंत्र चेनने मागचं चाक फिरवणारी २४ व्होल्टची ब्रशवाली मोटर. एमवाय१०१६ या नावाने ओळखतात ती हीच. ती मिनिटाला अडीच हजारांच्या वर फेरे मारते, आणि तिच्या गिअरवाल्या भावंडाच्या डबीत लोखंडी दाते असतात. वर ती जादा चेन. आवाज करकरीत आणि कोरडा, सकाळी दोन घरं पलीकडेही कळेल असा. शेतावर पाण्याचे कॅन न्यायला, दिवसाढवळ्या वापरायला, दुरुस्तीला सोपी म्हणून तिला मी नावं ठेवत नाही. तुमच्या कामाला ती नको, घरच्यांचं म्हणणं खरं ठरेल. टायरवर रोलर घासून चालणारा एक प्रकार असतो, त्याचा विचारच सोडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर टायर ओलाच असतो.

दुसरी, चाकाच्या मधोमध बसणारी, आत गिअर नसलेली हब मोटर. आकाराने थाळीएवढी आणि जड. तिच्यात घासायला काही नाहीच, फक्त दोन बेअरिंग. वेग धरला की ती जवळजवळ मुकी होते. पण चढावर, हळू वेगात तिची ताकद उष्णतेत जाते, आणि आसूदहून वर येणारा रस्ता म्हणजे हळू वेग आणि चढ दोन्ही एकदम. अलिबाग, मुरुड किंवा दिवेआगरसारख्या सपाट किनाऱ्यावर राहणाऱ्याला मी हीच घ्या म्हणेन.

तिसरी, गिअरवाली हब मोटर. आकार लहान, आत मोटर चाकाच्या सुमारे पाचपट वेगाने फिरते आणि तीन नायलॉनची दातेरी चाकं, त्यांनाच आम्ही दाते म्हणतो, तो वेग कमी करून चाकाला देतात. नायलॉन मुद्दाम असतं. लोखंडापेक्षा मऊ, म्हणून आवाज कमी. शिवाय आत क्लच असतो, त्यामुळे मोटर बंद ठेवून पेडल मारलं तर आतलं यंत्र फिरतच नाही, सायकल सायकलसारखीच चालते. ही गोष्ट पहाटे तुमच्या कामाची आहे, पुढे सांगतो. आवाज म्हणजे एक मध्यम गुणगुण, चढावर जरा खाली उतरून घोगरी होणारी.

चौथी, पेडलजवळ बसणारी मिड ड्राइव्ह. चढासाठी हिच्यासारखी दुसरी नाही, कारण ती सायकलचे गिअर वापरते. आवाज मात्र तुमच्या पायांच्या लयीवर जातो. बाफांगच्या बीबीएस०२ मध्ये आतली मोटर पेडलच्या सुमारे २२ पट वेगाने फिरते, टॉंगशेंगच्या टीएसडीझेड२ मध्ये सुमारे ४२ पट. मिनिटाला सत्तर पेडल मारलीत तर पहिलीची मोटर दीड हजारांवर, दुसरीची तीन हजारांच्या आसपास. दुसरीची शीळ जरा तीक्ष्ण का लागते त्याचं हे एक मोठं कारण. मिड ड्राइव्हला चेनचा आवाजही धरा, कारण मोटरचा सगळा जोर चेनवरून जातो. जोर चालू असताना गिअर बदलला की ‘कडाक्’ असा आवाज येतो आणि चेनचं आयुष्य तेवढं कमी होतं. शिवाय फ्रेमच्या पेडलच्या नळीची रुंदी ६८ मिलिमीटर आहे का ते आधी मोजा. जुन्या काळ्या दांडेवाल्या सायकलींना ही किट बसवताना फार कटकट होते.

इथवरचं बहुतेकांना माहीत असतं. ज्याच्याकडे गिऱ्हाइकाचं लक्ष जात नाही तो कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारी डबी, आणि नव्या किटचा निम्मा आवाज त्याच्यावर ठरतो.

मोटरला तीन जाड तारांतून वीज जाते. साधा, म्हणजे स्क्वेअर वेव्ह कंट्रोलर ती सहा टप्प्यांत, धक्क्याधक्क्याने देतो. प्रत्येक टप्प्याला मोटरला बारीक हिसका बसतो, आणि तो हिसका कानाला आवाज म्हणून ऐकू येतो. २६ इंची चाक ताशी २० किलोमीटरला मिनिटाला सुमारे १६० फेरे घेतं. आतली मोटर पाचपट म्हणजे ८००. तिच्यात लोहचुंबकांच्या आठ जोड्या धरल्या तर सेकंदाला शंभराच्या वर विजेची आवर्तनं, आणि प्रत्येकात सहा हिसके, म्हणजे सेकंदाला सहाशेच्या पुढे. हा झाला शिळेसारखा सूर. तोच वेग पाच किलोमीटरवर आणा, हिसके दीडशेच्या घरात येतात, आणि शीळ जाऊन त्या जागी ‘गुर्र्’ येतं. सायकल उभ्यावरून हलताना किंवा चढावर रखडताना मोटर गुरगुरते ती यामुळे. मोटर खराब आहे असं समजून लोक घाबरतात.

साइन वेव्ह कंट्रोलर तीच वीज चढउतार करत, सलग देतो. हिसके जवळजवळ जातात. मोटर तीच, चाक तेच, चढ तोच, आणि गुरगुर गायब. किंमतीतला फरक किटच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असतो. जे दुकानदार दोन्ही ठेवतात ते विचारल्याशिवाय साइन वेव्ह पुढे करत नाहीत, म्हणून तुम्ही नाव घेऊन मागा. ओळखायचं असेल तर सायकलवर बसून थ्रॉटल, म्हणजे हँडलवरची वेग द्यायची मूठ, हलकेच द्या. पहिल्या हातभर अंतरात गुर्र् आलं तर साधा कंट्रोलर, नुसतं मऊ सरकली तर साइन. चाक हवेत धरून फिरवून दाखवतात त्यावर जाऊ नका, ओझं नसताना दोन्ही गोड वाटतात.

काही स्वस्त कंट्रोलरमधून अगदी बारीक, उंच शीळ येते. ती घरातल्या मुलांना ऐकू येते आणि वडीलधाऱ्यांना नाही, कारण वयाबरोबर वरचे सूर कानातून जातात. मुलगा म्हणाला की बाबा, सायकल ओरडते, तर त्याला गप्प करू नका.

आता जो आवाज लोक मोटरच्या नावावर खपवतात पण मोटरचा नसतो, त्याबद्दल. मोटर थरथरते, फार थोडी, पण थरथरते. ती थरथर चिमट्यातून, फ्रेममधून जाते आणि जिथे पातळ पत्रा सापडेल तिथे वाजते. मडगार्ड, चेन कव्हर, कॅरिअर, स्टँडची स्प्रिंग, घंटीची वाटी. ॲल्युमिनियमच्या जाड, पोकळ नळ्यांची फ्रेम तर तबल्याच्या खोडासारखी आवाज मोठा करते, त्या मानाने जुनी लोखंडी फ्रेम बरी. परीक्षा सोपी आहे. चाक उचलून मोटर मध्यम वेगात चालू ठेवा आणि दुसऱ्या माणसाला एकेक भाग हाताने घट्ट धरायला सांगा. मडगार्डच्या टोकाला हात लावला आणि घरघर अर्ध्यावर आली, तर दोष तिथे. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पत्रा आणि क्लॅम्प यांच्या मधे घाला, नटाखाली वॉशर द्या, झालं. मोटर बदलून मागायला आलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार ट्यूबच्या एका पट्टीने मिटते, ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे.

बॅटरीचंही तसंच. खालच्या नळीवर दोन बोल्टांवर बसणारी बॅटरी खड्ड्यात आदळली की तिच्या कुलपाचा ‘खट्’ असा आवाज मोटरपेक्षा कितीतरी मोठा असतो. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर तो सारखा येतो. बॅटरीच्या बैठकीत फोमची पट्टी चिकटवा आणि नळीभोवती एक पट्टा आवळा.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. चालवणाऱ्याला ऐकू येणारा आवाज आणि बाहेरच्याला ऐकू येणारा आवाज एक नाही. तुमच्या हातातून, सीटमधून थरथर थेट अंगात येते, म्हणून तुम्हाला मोटर मोठी वाटते. पुढच्या चाकात बसवली तर ती कानासमोर आणि हँडलमध्ये येते, मागच्या चाकात बसवली तर पाठीमागे राहते. ताशी वीसच्या पुढे कानाजवळून जाणारा वाराच तिला झाकून टाकतो. शेजाऱ्याला यातलं फारच थोडं पोचतं. त्याला जाग येते ती बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, कडीने, स्टँड मागे मारल्याच्या खटक्याने आणि डिस्प्ले चालू करताना काही किट ‘पीक्’ करतात त्या आवाजाने. शेजारी आजारी माणूस आहे म्हणालात ना, तर गिअरवाल्या हबवर असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मिळणारी मोटरची मदत, शून्यावर ठेवून वाडीच्या बाहेर नुसतं पेडल मारत जा, रस्त्याला लागलात की मोटर चालू करा. क्लच असल्यामुळे मोटर तुम्हाला मागे ओढणार नाही. सायकल हाताने नेताना मोटर हळू चालवायची सोय असते, वॉक मोड म्हणतात, ती वाडीत वापरू नका. इतक्या कमी वेगात साधा कंट्रोलर सगळ्यात जास्त गुरगुरतो.

यापुढचं मात्र आपल्या हवेचं, आणि खरं तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हो, वाढतो. नव्या किटचा आवाज किती, यापेक्षा दुसऱ्या वर्षी तो किती राहील हे कोकणात जास्त महत्त्वाचं आहे. पुण्यातल्या माणसाने ‘माझी मोटर तीन वर्षं मुकी आहे’ असं सांगितलं तर ते खरं असेल, पण त्याच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत नाही आणि खारा वाराही नाही.

चालून गरम झालेल्या मोटरच्या आत हवाही गरम असते. तशीच ती साकवावरून वाहणाऱ्या पाण्यातून नेली की एकदम थंड होते, आतली हवा आकसते, आणि तारा जिथून आत शिरतात त्या ॲक्सलच्या भोकातून दमट हवा, कधी पाणीच, आत ओढलं जातं. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. बेअरिंगवर आधी तपकिरी ठिपके, मग खडबडीतपणा. गिअरवरचं ग्रीस पाण्याबरोबर घुसळून दुधाळ होतं आणि दात्यांवरून सरकून कडेला जाऊन बसतं. मग नायलॉनचे दाते कोरडे चालतात. गुणगुणीच्या जागी आधी कोरडी शीळ येते, नंतर खरखर.

हर्णैच्या बाजूची मासे विकणाऱ्यांची एक सायकल अशीच माझ्याकडे आली होती. मागच्या चाकात मोटर, वर कॅरिअरला थर्माकोलचा खोका. चढावर किंचाळते अशी तक्रार. हब उघडायला गेलो तर झाकणाच्या स्क्रूंची डोकी गंजून गोल झालेली, दोन तर ड्रिल करून काढावे लागले. आत ग्रीस नव्हतंच, चहाच्या रंगाचा चिखल होता. पावसाचं पाणी एवढं आत जात नाही म्हणून वर पाहिलं. खोक्याच्या खालच्या कोपऱ्याला भोक होतं आणि बर्फाचं खारं पाणी थेंब थेंब बरोबर ॲक्सलवर, तारांच्या तोंडावर पडत होतं. रोज, लिलावापासून शेवटचं गिऱ्हाईक होईपर्यंत. बेअरिंग बदललं, दाते धुऊन नवं ग्रीस दिलं, आणि खोक्याखाली पत्र्याचा ट्रे लावून त्याची नळी बाजूला काढून दिली. मासे नेणाऱ्याने किट बसवताना हा ट्रे पहिल्याच दिवशी करून घ्यावा.

तुम्ही बेकरीत कामाला, तेव्हा तुमची अडचण एवढी नाही. तरी पाऊस आहेच. मोटरची तार ॲक्सलमधून निघाल्यावर सरळ वर नेऊ नका, आधी खाली झोला द्या, मग वर घ्या. पाणी तारेवरून ओघळून झोल्याच्या तळाशी गळतं, आत जात नाही. फुकटचं काम आहे आणि बरेच जण करत नाहीत. तारेच्या तोंडाशी सिलिकॉन लावा. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका, ते सील ओलांडून जातं. कर्द्याच्या किंवा मुरूडच्या पुळणीवर सायकल फिरवायची हौस असेल तर ती दुसऱ्या सायकलीने भागवा. वाळू आणि खारं पाणी एकदम लागलं की बेअरिंग फार दिवस काढत नाही. पावसात सायकल पडवीत उभी करून ठेवली तरी अधूनमधून चाक फिरवा. महिनोन् महिने उभी असलेली मोटर वापरातल्या मोटरपेक्षा आधी गंजते.

ग्रीसबद्दल दोन शब्द, कारण इथे घरगुती उपाय भलतं नुकसान करतात. हबच्या आत गंज काढायचा स्प्रे मारू नका, तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतो आणि चार दिवस आवाज कमी झाला असं वाटतं. इंजिन ऑइल नको. नायलॉनला चालणारं सिंथेटिक ग्रीस घ्या, दात्यांवर पातळ थर द्या, डबी ठासून भरू नका. जास्तीचं ग्रीस फेकलं जाऊन कडेला बसतं आणि घट्ट ग्रीस क्लचमध्ये गेलं तर क्लच निसटायला लागतो. झाकण परत लावताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावा, म्हणजे पुढच्या वर्षी ड्रिल घ्यावं लागणार नाही. वर्षातून एकदा, गणपती झाले आणि पाऊस सरत आला की हब उघडून बघणं एवढं आपल्याकडे पुरतं. गिअर नसलेल्या हबमध्ये ग्रीस द्यायला बेअरिंगखेरीज काही नाही, तिथे फक्त गंज बघायचा.

आवाज बदलला की तो कुठला, हे रस्त्यावरच बऱ्यापैकी कळतं. वेगात असताना थ्रॉटल सोडा आणि पेडलही थांबवा. आवाज त्याच क्षणी बंद झाला तर तो गिअरचा किंवा कंट्रोलरचा. तसाच चालू राहून चाकाच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला तर चाकाचं बेअरिंग, नाहीतर ब्रेकची चकती घासतेय. त्यात फ्रीव्हीलची टिकटिक मिसळू देऊ नका, ती सगळ्यांनाच असते. घरी आल्यावर चाक उचलून हाताने उलटं फिरवा. गिअरवाल्या हबमध्ये उलटं फिरवलं की क्लच पकडतो आणि आतले दाते फिरतात. हाताला एकसारखा जडपणा लागला तर ठीक, एका जागी अडकून सुटल्यासारखं झालं तर एखादा दाता झिजलाय किंवा तुटलाय.

तीन आवाज असे आहेत की ते आल्यावर सायकल पुढे दामटायची नाही.

एक, थ्रॉटल देताना आणि सोडताना मागून येणारा ‘टक्’. ॲक्सल फ्रेमच्या खाचेत हलतोय. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा ॲक्सलला तेवढ्याच जोराने उलटं पिळते, आणि त्याला धरून ठेवायला फक्त दोन नट आणि टॉर्क आर्मची पट्टी असते. नट ढिले राहिले तर एक दिवस ॲक्सल गोल फिरतो आणि तारा पिळून तोडतो. पुढच्या चाकात, ॲल्युमिनियमच्या चिमट्यात असेल तर चाकच सुटू शकतं. टॉर्क आर्म नसलेली किट मी बसवत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

दोन, पावसानंतर पहिल्यांदा काढली आणि मोटर जागच्या जागी दाणदाण हिसके देते, गरगरते, पण सायकल पुढे जात नाही. आवाज ऐकून वाटतं सगळे दाते गेले. बहुतेक वेळा तसं काही नसतं. तीन जाड तारांशेजारी पाच बारीक तारांचा एक जोड असतो, मोटरमधल्या सेन्सरचा. त्याच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात. बॅटरी काढा, जोड सोडवा, सुकवा, पिना साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवा. थ्रॉटल पिळत राहिलात तर मात्र कंट्रोलर जळेल आणि दहा मिनिटांच्या कामाचा मोठा खर्च होईल.

तीन, चढावर चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारी ‘टक, टक, टक’ आणि मधेच मोटर मोकळी सुटल्यासारखी ‘फुर्र्’. नायलॉनचे दाते संपले. दात्यांचा जोड बदलता येतो, मात्र दात्यांची संख्या आणि व्यास दोन्ही जुळायला हवेत. नाव नसलेल्या किटचे दाते मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून किट घेतानाच दुकानदाराला विचारा, दात्यांचा सुटा जोड मिळतो का, आणि मिळत असेल तर एक घेऊन ठेवा.

‘टिंग टिंग’ असा आवाज आला तर तो नव्या चाकाचे स्पोक बसतायत. पहिल्या काही आठवड्यांनी एकदा ताणून घ्या.

उलट बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. चांगली बसवलेली सायकल इतकी कमी आवाजाची असते की पहाटे रस्त्याने चालणाऱ्याला मागून कोणी येतंय हे कळत नाही, आणि तुम्ही दापोलीकडून परतताना उतारावर तीसच्या पुढे असता. विजेच्या मोटारगाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा एक नियम आहे, हळू वेगात त्यांनी मुद्दाम आवाज करावा असा. ताशी २० किलोमीटरला दोन मीटरवर किमान ५६ डेसिबल. सायकलींना असलं बंधन नाही. वाकणावर पितळी वाटीची घंटी वाजवा. किटबरोबर येणारा पिपाणीसारखा भोंगा पहाटे वाजवलात तर मात्र शेजाऱ्यांना तक्रार करायला खरंच कारण मिळेल.

तर तुमच्यासाठी माझं मत. मागच्या चाकात बसणारी, ३६ व्होल्ट २५० वॉटची गिअरवाली हब मोटर, साइन वेव्ह कंट्रोलर, टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना. मिड ड्राइव्ह चढाला याहून सरस आहे, पण तुमच्या सायकलीच्या चेनचा आणि गिअरचा खर्च बघता रोजच्या एवढ्याशा अंतराला ती परवडणार नाही. हबवर चढताना सायकलचा हलका गिअर टाका आणि पेडल मारत राहा. नुसत्या थ्रॉटलवर चढ काढायला गेलात तर मोटर रखडते, तापते आणि घोगरी होते. पायांची थोडी मदत मिळाली की तिचा वेग टिकतो आणि आवाजही मऊ राहतो. घ्यायच्या आधी दुकानदाराची चालू सायकल मागून घ्या, तिच्यावर बसून एखादा खडा चढ चढून बघा, आणि शक्य असेल तर जी सायकल निदान एक पावसाळा काढून आलीय तीच मागा.